बेणारेनंतर काय? सुलभा देशपांडे यांच्या कारकिर्दीविषयी एक प्रश्न

विंगेतून :

नमस्कार. नाट्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी सुलभा देशपांडे (१९३७–२०१६) यांच्यावर प्रबंधिका लिहिते आहे आणि लिहिता लिहिता एका जागी अडले आहे. माझ्या पिढीला त्या आधी ‘इंग्लिश विंग्लिश’मधल्या सासूबाई म्हणून माहीत झाल्या. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातली लीला बेणारे त्यांनीच प्रथम उभी केली, हे अभ्यासक्रमात आल्यावर समजले, आणि मग १९७१ चा चित्रपट शोधून पाहिला. या दोन टोकांच्या मधे चाळीसहून अधिक वर्षे आहेत. त्या काळातली त्यांची चित्रपटांची यादी पाहिली, तर बहुतेक ठिकाणी आई, मावशी, शेजारीण, आजी अशाच भूमिका दिसतात. बेणारेच्या तोडीची मध्यवर्ती भूमिका पडद्यावर त्यांना पुन्हा मिळालेली मला तरी आढळली नाही.

माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे, की अभिनेत्री सुलभा देशपांडे आणि ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या संस्थापक सुलभा देशपांडे अशी दोन स्वतंत्र प्रकरणे करावीत, म्हणजे गोंधळ होणार नाही. वर्गातल्या एका मैत्रिणीचे मत याहून तिखट आहे. संस्था, शाळा आणि मुलांची नाटके यांत एका मोठ्या नटीची उमेदीची वर्षे खर्ची पडली, असे ती सरळ म्हणते. मला दोन्ही मते पूर्ण पटत नाहीत, पण खोडून काढण्याइतका ऐवजही हाताशी नाही. ज्यांनी त्यांचे काम रंगमंचावर पाहिले आहे किंवा त्या काळाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सांगावे : बेणारेनंतर त्यांना तशा भूमिका मिळाल्या नाहीत, की त्यांनीच घेतल्या नाहीत?

तिसरी घंटा :

आपला प्रश्न ‘मिळाल्या नाहीत की घेतल्या नाहीत’ असा असला, तरी त्याआधी बेणारे त्यांना कशी मिळाली हे पाहावे लागेल, कारण ती भूमिका बाजारातून चालत आलेली नव्हती.

‘रंगायन’ ही प्रायोगिक नाट्यसंस्था १९६० मध्ये सुरू झाली. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू ही मंडळी तिच्या मुळाशी होती आणि सुलभाताई त्याच वर्तुळात घडल्या. शनिवार-रविवार हाउसफुल्लचे गणित तिथे नव्हते. थोडे प्रयोग, भरपूर तालमी आणि नोकरी सांभाळून नाटक, असा तो मामला होता. सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. हौशी नटमंडळी अभिरूप न्यायालयाचा खेळ करायला निघाली आहे, या एवढ्याशा प्रसंगावरून तेंडुलकरांना ‘शांतता!’ सुचले, हे आपण वाचलेच असेल. नाटकाचा पहिला प्रयोग १९६७ च्या अखेरीस राज्य नाट्यस्पर्धेसाठी झाला आणि त्याचे दिग्दर्शन सुलभाताईंचे पती अरविंद देशपांडे यांचे होते.

आता आपल्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट सांगतो. बेणारेचे जे स्वगत आज प्रत्येक एकपात्री स्पर्धेत कुणीतरी म्हणतेच (आणि दहांतल्या नऊ वेळा पहिल्या ओळीपासून रडत म्हणते), ते तेंडुलकरांच्या मूळ आराखड्यात नव्हते. इतका वेळ जिच्यावर आरोप चालले आहेत, तिला बोलायला मिळालेच पाहिजे, असा आग्रह दिग्दर्शकाने धरला आणि त्या आग्रहापोटी ते लिहिले गेले, असे त्या काळातल्या मंडळींनी वेळोवेळी सांगितले आहे. एखादी भूमिका तालमीच्या खोलीत, नटीच्या ताकदीचा अंदाज असलेल्या माणसांच्या हट्टातून अशी आकाराला येते, तेव्हा तिच्यासारखी दुसरी भूमिका मिळण्यासाठी तशीच दुसरी खोली असावी लागते. पुढच्या चार-पाच वर्षांत ती खोलीच मोडली.

‘रंगायन’मध्ये फूट पडली. १९७१ मध्ये अरविंद देशपांडे, सुलभाताई आणि अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ काढली आणि आरंभ केला तो गिरीश कार्नाडांच्या ‘तुघलक’ने. तेंडुलकरांचे भाषांतर, अरुण सरनाईक तुघलकाच्या भूमिकेत, आणि सगळा पसारा मोठा. असा पसारा नव्या संस्थेला वारंवार झेपणारा नसतो. मोठ्या नाट्यगृहाचे भाडे, व्यावसायिक नाटकांनी आधीच अडवलेल्या तारखा आणि वीस-पंचवीस प्रयोगांतच संपणारा प्रेक्षक, हे त्या वेळच्या प्रत्येक प्रायोगिक संस्थेचे दुखणे होते. त्यावर इलाज सापडला तो सुलभाताईंच्या शाळेत. १९७४ पासून छबिलदास शाळेचे सभागृह ‘आविष्कार’ला वापरायला मिळू लागले. ते मिळण्यात त्या त्याच शाळेत शिकवत होत्या या गोष्टीचा वाटा किती होता, हे वेगळे सांगायला नको.

त्या सभागृहात मी पुष्कळ नाटके पाहिली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ते नाट्यगृह नव्हतेच. दिवसा शाळा आणि संध्याकाळी नाटक, त्यामुळे आज लावलेले नेपथ्य उद्यासाठी ठेवून जाण्याची सोय नाही. पडदा आणि उंच रंगमंच यांच्याऐवजी समोर नुसती जमीन, आणि प्रेक्षक इतका जवळ की नटाला घसा ताणून बोललेले चालणारच नाही. ‘छबिलदासचे नाटक’ म्हणून जी शैली ओळखली जाते, तिचा निम्मा भाग या अडचणींतून आलेला आहे. ‘आविष्कार’ने ही जागा स्वतःपुरती ठेवली नाही. मुंबईतल्या आणि बाहेरगावच्या इतर संस्थांनाही तिथे प्रयोग करता येत. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर आणि त्यांच्यामागून आलेली दिग्दर्शकांची अख्खी फळी त्या जिन्यावरून वर गेली आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हा मुक्काम संपला आणि ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेत गेली. आज त्या गल्लीत शिरणाऱ्या बहुतेकांना ती बटाटावड्यासाठी माहीत असते, त्यालाही माझी हरकत नाही; प्रयोगाआधी आम्हीही तेच खात होतो.

तेव्हा माझे उत्तर असे : बेणारे जिथे घडली तशी खोली पुन्हा उभी करण्यात त्यांचा पुढचा काळ गेला. त्या खोलीत भूमिका इतरांनाही मिळाल्या, हा तिचा स्वभावच होता. आपल्या मार्गदर्शकांविषयी आदर ठेवूनही सांगतो, की दोन प्रकरणे केलीत तर हा धागा तुटेल.

क्लोजअप :

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण त्यात पडद्यावरचे काम बाजूलाच राहिले, म्हणून ते मी घेतो. ‘आई-मावशी-आजी’ असे एका दमात म्हटले की त्या भूमिकांतला फरक पुसला जातो, आणि आपल्या यादीत नेमके तेच झाले आहे.

प्रथम ‘शांतता!’ चित्रपट. दुबे यांचे दिग्दर्शन, गोविंद निहलानी यांचे छायालेखन, अमोल पालेकर आणि अमरीश पुरी यांची अगदी सुरुवातीची कामे, अशा अनेक कारणांनी तो चित्रपटाच्या इतिहासात नोंदला जातो, पण आपण तो पुन्हा पाहाल तेव्हा एक करून पाहा. स्वगत येईपर्यंत बेणारे किती वेळ बोलते आणि किती वेळ नुसती ऐकते, याकडे लक्ष द्या. खेळ म्हणून सुरू झालेला खटला तिच्या खऱ्या आयुष्यात शिरतो, भ्रूणहत्येचा लटका आरोप खरा होऊ लागतो, आणि तिथून पुढे काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक ही बाकीची पात्रे बोलत राहतात. तिला निवेदनासाठी दिलेली मुदत तर दहा सेकंदांची आहे. सुरुवातीची खट्याळ, नकला करणारी, सगळ्यांची फिरकी घेणारी बाई हळूहळू नुसती ऐकणारी होते, आणि आपल्याविषयी चाललेले बोलणे तिच्या चेहऱ्यावर कसे उमटते, यावर ते नाटक तोललेले आहे. स्वगत गाजले, कारण ते पाठ करता येते. ऐकणे पाठ करता येत नाही, म्हणून त्याच्या स्पर्धा होत नाहीत.

हे लक्षात ठेवून ‘भूमिका’ (१९७७) पाहा. श्याम बेनेगल यांच्या या चित्रपटात त्या उषाच्या आईच्या, शांताच्या भूमिकेत आहेत. उषा म्हणजे स्मिता पाटील. तेव्हा स्मिता बावीस वर्षांची होती आणि सुलभाताई चाळिशीच्या. घराण्यातल्या गाण्याबजावण्याचा वारसा मागे टाकून प्रतिष्ठेचे घर हवे असलेली, केशवशी मुलीच्या लग्नाला कडवा विरोध करणारी ही बाई हिंदी चित्रपटातली ठरीव कजाग आई सहज झाली असती. सुलभाताई तिच्या विरोधामागची भीती दाखवतात. तिला मुलीचे पुढचे आयुष्य दिसते आहे आणि ते थांबवणे आपल्या हाती नाही हेही कळते आहे, असे ते काम आहे.

मराठीत मी ‘चौकट राजा’चे नाव घेईन. लहानपणीच्या अपघातामुळे बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू (दिलीप प्रभावळकर) आणि चाळीत त्याला सांभाळणारी त्याची आई. त्या चित्रपटाची चर्चा नेहमी प्रभावळकरांच्या कामाभोवती फिरते, आणि ते योग्यही आहे. मात्र नंदू आपल्याला खरा वाटतो यात या आईचा मोठा हात आहे, कारण ती त्याच्याशी सवयीने वागते. कौतुक नाही, सतत डोळ्यांत पाणी नाही. रोजचे काम उरकावे तसे ती त्याला वागवते आणि अधूनमधून चिडतेही. मोठ्या मुलाचे असे संगोपन वर्षानुवर्षे केलेली बाई जशी थकलेली असेल, तशीच ती थकलेली दिसते. ही भूमिका बेणारेपेक्षा लहान मानायला मी तयार नाही.

शेवटच्या काळात रत्नाकर मतकरी यांच्या ‘इन्व्हेस्टमेंट’मध्ये त्या आजी होत्या. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) आपण पाहिलाच आहे. तिथे नायिका शशीच्या इंग्रजीला तिचा नवरा आणि मुलगी हसत असताना सासू मात्र हसत नाही, आणि ती हसत नाही एवढ्यावरून त्या घराचा सगळा तोल आपल्याला कळतो. वाक्ये मोजली तर थोडीच भरतील.

विंगेतून :

दोघांचेही मनापासून आभार. ‘ऐकणे’ हा मुद्दा मला अगदी नवा आहे आणि चित्रपट आजच पुन्हा लावणार आहे. मात्र एक शंका उरते आणि ती थोडी आडमुठी वाटेल. तिसरी घंटा यांनी म्हटले की तशी खोली मोडली म्हणून तशी भूमिका आली नाही. पण १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’ आले आणि चंपाची भूमिका लालन सारंग यांनी गाजवली. म्हणजे बाईसाठी मोठी भूमिका तेंडुलकरच लिहीत होते, आणि ती या वर्तुळाच्या बाहेरही घडत होती. शिवाय डॉ. लागूंनी १९६९ मध्ये वैद्यकी सोडून पूर्णवेळ रंगभूमी पत्करली. सुलभाताईंनी तसे का केले नाही? संस्था उभी करण्याचे ओझे त्यांच्यावर बाई म्हणून, दिग्दर्शकाची पत्नी म्हणून अधिक पडले असेल, अशी माझ्या मैत्रिणीची शंका आहे, आणि ती मला निव्वळ उडवून लावता येत नाही.

उन्हाळी शिबिर :

मी मुलांची नाट्यशिबिरे घेते आणि आपल्या मैत्रिणीच्या बाजूने थोडे बोलणार आहे, पण तिला हवे आहे तिथपर्यंत जाणार नाही.

संस्थेच्या इतिहासात नाटके आणि दिग्दर्शक यांची नावे राहतात. जागा मिळवणे, मुलांच्या पालकांशी बोलणे, तालमीला आलेल्यांचे खाणेपिणे पाहणे या कामांची नोंद कुणी करत नाही, आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीवर ही कामे बायकांनी किती केली याचा हिशेब अजून कुणीतरी मांडायचा आहे. एवढे मी मान्य करते. वरच्या पहिल्या प्रतिसादातही ‘सभागृह मिळाले’ हे वाक्य फार सहज येऊन गेले, असे मला वाटले.

परंतु मुलांची नाटके या ‘खर्ची पडलेल्या वर्षां’त धरायची असतील, तर माझा ठाम विरोध आहे. बालरंगभूमी हे त्यांनी मोठ्यांच्या नाटकातून उरलेल्या वेळात केलेले काम नव्हते. शाळेत शिकवता शिकवता मुलांकडून नाटके करून घेणे हा त्यांच्या कामाचा मूळचा भाग होता, आणि तेंडुलकरांनी मुलांसाठी लिहिलेल्या नाटकांशी त्यांचा संबंध तिथूनच येतो. ‘राजाराणीला घाम हवा’ या कथावस्तूवर त्यांनी बालचित्र समितीसाठी ‘राजा रानी को चाहिये पसीना’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. म्हणजे त्यांच्या नावावर चित्रपट-दिग्दर्शनही आहे आणि ते मुलांसाठीचे आहे. निबंधात याचा उल्लेख नसेल तर जरूर घालावा. बहुतेक लेखांत तो राहून जातो.

‘आविष्कार’ची मुलांची शाखा ‘चंद्रशाला’. तिचे ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य गुरू पार्वतीकुमार यांनी बसवले आणि पुढे अनेक वर्षे मुलांच्या एकामागून एक तुकड्यांनी ते केले. साठ-सत्तर मुले एका वेळी रंगमंचावर आणायची, म्हणजे काय असते हे शिबिर घेणाऱ्यालाच कळते. पहिल्या रांगेतल्या मुलाइतकेच शेवटच्या रांगेतल्या झाडाला किंवा ढगालाही आपण नाटकात आहोत असे वाटले पाहिजे, नाहीतर मागची रांग मधेच प्रेक्षकांत आई शोधू लागते. मुलांचे नाटक म्हणजे बोबडे बोल आणि उड्या, हा समज मोडायला भरतनाट्यमच्या गुरूला बोलावणे, ही निवडच त्यांची दृष्टी सांगते.

डॉ. लागूंशी केलेली तुलना मात्र मला नीट जुळत नाही. डॉक्टरांनी एक व्यवसाय सोडला आणि दुसरा धरला. सुलभाताईंच्या बाबतीत शाळा सोडायची म्हणजे ज्या जागेत नाटक चालले होते आणि ज्या मुलांतून नाटक उभे राहत होते, त्यांच्यापासूनच दूर जायचे. सोडण्याजोगे काही वेगळे असावे लागते ना? आणि व्यावसायिक नाटकाचे दौरे, महिन्याकाठी पंचवीस-तीस प्रयोग, यांत शिक्षिकेची नोकरी बसत नाही, हे साधे वेळापत्रकाचे कारणही विसरू नये.

एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. बेणारे ही शिक्षिका आहे. मुलांवर जीव असलेली, वेळेवर शाळेत जाणारी, आणि खटल्याच्या ओघात जिची नोकरीच जाणार असल्याचे उघड होते अशी शिक्षिका. ती भूमिका करणारी बाई खरीच शिक्षिका होती आणि तिच्या प्रेक्षकांत तिच्या विद्यार्थ्यांचे पालकही असू शकत होते. १९६७ च्या दादरमध्ये, अविवाहित गरोदर शिक्षिकेची भूमिका करण्यासाठी काय लागत असेल याचा विचार आपल्या मैत्रिणीने करावा. संस्थेच्या ओझ्याखाली दबलेल्या बाईचे चित्र त्यापुढे टिकत नाही.

तिसरी घंटा :

‘सभागृह मिळाले’ या वाक्यावरचा आक्षेप रास्त आहे. त्या सभागृहाच्या इतिहासात आम्ही प्रेक्षकही नाटकांचीच नावे घेतो.

चंपाबद्दल एवढेच, की ‘सखाराम बाइंडर’ आले ते साल ‘आविष्कार’च्या दुसऱ्या वर्षाचे आहे. नवी संस्था, ‘तुघलक’नंतरचा खर्च आणि अजून जागाही नाही, अशा वेळी बाहेरच्या नाटकात शिरणे त्या मंडळींना कितपत शक्य होते, हे पाहावे. शिवाय लालनताईंची चंपा ही त्यांचीच होती. दुसऱ्या कुणाच्या वाट्याची भूमिका सुलभाताईंच्या हिशेबात ‘हुकली’ म्हणून मांडणे दोघींवरही अन्याय करणारे आहे.

आपल्या प्रबंधिकेत १९८७ या वर्षासाठी थोडी जागा ठेवा, अशी सूचना करतो. त्या वर्षाच्या जानेवारीत अरविंद देशपांडे गेले आणि त्याच वर्षाचा संगीत नाटक अकादमीचा अभिनयासाठीचा पुरस्कार सुलभाताईंना मिळाला. संस्था तिथेच थांबली असती तरी कुणी दोष दिला नसता. काकडेकाका आणि सुलभाताई यांनी ती चालू ठेवली, अरविंदांच्या नावाने दरवर्षी नाट्यमहोत्सव भरवला, पुढे छबिलदास सुटल्यावर माहीमला नव्याने बस्तान बसवले. ‘चौकट राजा’मधली आई याच वर्षांतली आहे. क्लोजअप यांनी त्या कामातल्या थकव्याविषयी लिहिले आहे. त्याला खाजगी दुःखाशी जोडण्याचा मोह आवरावा, कारण तसे जोडले की अभिनयाचे श्रेय आपण परिस्थितीला देऊन मोकळे होतो.

क्लोजअप :

शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत.

विंगेतून, पाहण्याचा क्रम विचारलात तर मी ‘शांतता!’, ‘भूमिका’, ‘चौकट राजा’ आणि ‘इन्व्हेस्टमेंट’ असा सुचवीन, आणि ‘इंग्लिश विंग्लिश’ सर्वांत शेवटी पुन्हा. प्रत्येक वेळी त्या स्वतः बोलत नसतात त्या दृश्यांची टिपणे काढा. प्रकरणे किती करायची हे ती टिपणे हाती आल्यावर मार्गदर्शकांशी बोलून ठरवता येईल.